मुख्य पासवर्ड

उमरग्यातल्या शेळीपालकांच्या कंपनीचा मेल उघडेना. हैदराबादच्या खरेदीदाराला दोनशे बोकडांचा होकार चार वाजेपर्यंत, तोही कंपनीच्याच मेलवरून, हवा होता. ऑफिसातल्या सोनालीने फोन करून पाहिला. पलीकडून एकच उत्तर आलं, "मेल कीजिए मॅडम."

मेलचा सर्व्हर कंपनीचा स्वतःचा होता, खाद्याच्या पोत्यांशेजारच्या खोलीत. तो सांभाळणारा रणधीर मात्र माकणीत स्वतःच्या साखरपुड्याला बसला होता. त्याचे चुलते श्रीमंतकाका कंपनीचे अध्यक्ष. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून ते पुतण्याचा साखरपुडा सोडून ऑफिसात थांबले होते.

"काका, पासवर्ड टाकला तरी ऑथेंटिकेशन फेल म्हणतंय."

"फेल? आगं, नीट दाब की."

सोनालीने चार वेळा नीट दाबलं. मग काकांनी चष्मा लावून एका बोटाने दाबलं, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. तरी फेल. काकांनी सर्व्हरची पिनच उपसली आणि पुन्हा लावली. आता लॉगिनचं पानही गेलं. दहा मिनिटांनी पान परत आलं, सोबत तेच ऑथेंटिकेशन फेल. घड्याळात पावणेचार.

काकांनी रणधीरला फोन लावून स्पीकर चालू केला. त्याच्या हातात नारळ होता आणि मांडीवर आहेर, त्यामुळे तिकडेही कुणीतरी फोन स्पीकरवर टाकून पाटाशेजारी ठेवला.

"काका, तुमचा पासवर्ड बरोबर असंल. तो तपासणारा प्रोग्रामच बंद पडलाय. सोनालीला सर्व्हरपाशी बसवा, तो परत चालू करायचाय."

सोनाली बसली. "दादा, मुख्य पासवर्ड मागतंय."

गुरुजींच्या मंत्रांआडून रणधीर पुटपुटला.

"मी... मेसेज करतो."

"आरं, बारा मिनिटं ऱ्हायलीत!" काका ओरडले. "बोल की मर्दा!"

रणधीरचा आवाज एकदम खाली गेला. "सृष्टी. पहिलं अक्षर मोठं. मग ॲट. मग दोन हजार एकवीस."

सृष्टी म्हणजे शेजारच्या पाटावरची नवरी. माकणीतल्या सगळ्या मांडवाने ते ऐकलं. मग तिचे वडील, रणधीरचे होणारे सासरे अमरसिंह यांचा आवाज आला, "एकवीस? तुमी पोरगी गेल्या दिवाळीला पयल्यांदा पाह्यली न्हाय का?"

रणधीरचे वडील, आण्णासाहेब, जोरात खोकले.

"दादा," सोनाली रडवेली झाली, "हा पण फेल."

"आसं कसं? तोच हाय!"

"तो न्हाय चालायचा," फोनमधून एक बारीक, शांत आवाज आला. "मी बदललाय गेल्या महिन्यात."

श्रीमंतकाकांनी सोनालीकडे पाहिलं. सोनालीने फोनकडे पाहिलं.

"सृष्टे, तू?" अमरसिंह.

"कॉलेजात असताना आमी दोघांनीच बसवलाय तो सर्व्हर, पप्पा. ह्यांना आज सांगणारच होते. सोनालीताई, लिहा. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून, लहान लिपीत. 'पप्पा हो म्हणले'."

सोनालीने लिहिलं. काळ्या पडद्यावर भराभर ओळी पळाल्या. सृष्टीने आणखी एक आज्ञा सांगितली, तीही तिने टंकली आणि मेलच्या पानावर कंपनीचा नेहमीचा पासवर्ड टाकला. मेलची पेटी उघडली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी दोनशे बोकडांचा होकार हैदराबादला गेला, आणि लगेच पलीकडून "कन्फर्म्ड" आलं.

"गेला! गेला!" काका खुर्चीतून उठले.

माकणीत मात्र कुणाला बोकडांचं काही पडलं नव्हतं.

"म्हंजे," अमरसिंह सावकाश म्हणाले, "म्या हो म्हणलो त्या दिवशी बदललास व्हय? आन् न्हाय म्हणलो असतो तर?"

"तर जुनाच चालू ठेवला असता, पप्पा."

काकांनी फोन कानाला दाबून धरला. लग्न मोडलं, असंच त्यांना वाटलं. सोनालीने तर हातच जोडले.

"गुरुजी," अखेर अमरसिंह म्हणाले, "बिगीबिगी उरका. न्हायतर ही अजून काय काय बदलून ठिवील."