एक नग हीटर

शेंद्र्याच्या काकासाहेबांच्या पिकअपला हीटर नाही, ही गंभीर बाब शासनाच्या लक्षात सत्तर वर्षांनी आली. तोवर पिकअप त्याच्याशिवाय बरी चालत होती, पण ते चालणं अनधिकृत होतं.

पिकअप अमेरिकेहून आलेली, स्टेअरिंग डाव्या हाताला. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराचा पसारा विकला गेला, तेव्हा काकासाहेबांच्या आजोबांनी ती घेतली. पुढं जमीन कारखान्यांत गेली. घरात जुनं आणि तरीही चालतं असं दोनच उरलं: पिकअप आणि काकासाहेबांच्या आई, सारजाबाई. सारजाबाई नवरी म्हणून याच गाडीतून उतरल्या होत्या आणि पंच्याऐंशीव्या वर्षीही दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नव्हत्या.

अशात ‘मूळ स्वरूप पडताळणी समिती’चं पत्र आलं. गाडी मूळ स्वरूपात असल्याचं प्रमाणपत्र मुदतीत घ्यावं, अन्यथा ती भंगारात जमा करण्यात येईल.

समितीचे तपासणी अधिकारी श्रीनिवासराव. त्यांच्या खोलीतला एसी इतका कर्तव्यदक्ष होता की साहेब मे महिन्यात शाल पांघरून बसले होते. गाडीचा १९५० सालचा उर्दू कागद त्यांनी अधिकृत भाषांतरकाराकडून उलगडून घेतला होता. आठव्या ओळीत होतं: हीटर, एक नग.

“हीटर कुठंय?”

“साहेब, मे महिना हाय.”

“मी महिना विचारला नाही.”

“भाईर त्रेचाळीस हाय. इंजिनची धग आत येती, पायाखाली ओलं पोतं टाकून गाडी चालवतो मी. वरून हीटर काहून?”

“पोतं मूळ स्वरूपात आहे का?” श्रीनिवासरावांनी विचारलं, आणि उत्तराआधीच पोत्याचीही नोंद घेतली.

काकासाहेब घरी येऊन आईपुढं बसले.

“तो डबा व्हय?” सारजाबाई म्हणाल्या. “मी आले त्याच साली सासऱ्यांनी उपटून टाकला. तवापासून त्यात कोंबडी बसवते मी. पिल्लं लई चांगली निघतात.”

डबा खुराड्यात होता. डब्यात कोंबडी होती. कोंबडीखाली अकरा अंडी होती.

“आई, कोंबडी उठव.”

“एकवीस दिवस होईस्तोवर ती नाय उठायची. तुझ्या साहेबाला सांग.”

साहेबाला सांगण्यासाठी मुदतवाढीचा छापील अर्ज होता. त्यात कारणं तीनच: मृत्यू, महापूर, निवडणूक. काकासाहेबांनी प्रामाणिकपणे हातानं ‘कोंबडी’ लिहिलं; अर्ज परत आला. मग त्यांनी ‘निवडणूक’वर खूण केली. कुठली निवडणूक असं कुणी विचारलं नाही. नऊ दिवस मिळाले; कोंबडीचेही तेवढेच उरले होते.

पिल्लं निघाल्यावर डबा उस्मानपुऱ्यात कडूबा मिस्त्रीकडं गेला.

“चाळीस वर्षं झाली काकासाहेब,” कडूबा म्हणाला, “गिऱ्हाईक येतं ते गाडी गार करून दे म्हणतं. तुमची तब्येत ठीक हाय ना?”

“तू बसव.”

कडूबानं इंजिनाचं तापलं पाणी नळीनं डब्यात आणलं आणि डब्यामागं पंखा लावला. पंख्यातून आधी दोन पिसं बाहेर आली, मग झळ.

चाचणीचं मानक कुठल्याशा बर्फाळ देशातून जसंच्या तसं उतरवून घेतलेलं होतं. केबिन दहा मिनिटांत चार अंशांवरून चोवीस अंशांवर यायला हवी. श्रीनिवासरावांनी केबिनमध्ये तापमापक ठेवला. हीटर लावण्यापूर्वीच पारा सत्तेचाळीसवर होता.

“नापास.”

“साहेब, गरम तर झाली.”

“जास्त झाली. आणि सुरुवात चारपासून नाही.”

“चार अंश कुठून आणू मी?”

“ते अर्जदारानं पाहायचं.”

अर्जदारानं पाहिलं. पिकअप मोसंबीच्या शीतगृहात शिरली. धूर बाहेर जावा म्हणून मागची बाजू दाराकडं, तोंड मोसंबीकडं. सारजाबाई घोंगडी घेऊन गाडीतच बसल्या होत्या, श्रीनिवासराव शाल आवळून. सातव्या मिनिटाला साहेबांनी हात डब्यापुढं धरले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सेवाकाळात प्रथमच समाधान दिसलं. दहाव्या मिनिटाला पारा चोवीसवर आला.

प्रमाणपत्र मिळालं. खाली अटी होत्या. बंद हीटर आणि नसलेला हीटर यांत रस्त्यावरच्या पोलिसाला फरक करता येत नाही, सबब हीटर सदैव चालू ठेवावा. उष्णता वाया जाऊ नये म्हणून काचा बंद ठेवाव्यात. गाडीच्या मागं ‘हीटर चालू आहे’ अशी पाटी लावावी.

साहेबांना कार्यालयात परतायचं होतं आणि कार्यालयाची गाडी दुरुस्तीत होती. ते पिकअपमध्ये मायलेकांच्या मधे बसले. हीटर चालू, काचा बंद, बाहेर चव्वेचाळीस.

“शाल तर काढा साहेब,” सारजाबाई म्हणाल्या.

“ऑफिसात लागते.”

शहरात शिरताना सिग्नलला शेजारी एक पांढरी, नवी कोरी गाडी थांबली. आतल्या गृहस्थांनी पाटी वाचली होती. एसीची गार हवा बाहेर सांडत त्यांनी काच उतरवली आणि मोबाईल रोखला.

“काय काका, मेमध्ये हीटर?”

साहेब दुसरीकडं पाहत असल्याचं बघून काकासाहेबांनी काच दोन बोटं खाली केली. “तुमच्यात नाय का?”

“आहे की. कंपनीनंच दिलाय. एसीच्या बटणाची ती लाल बाजू.”

“कधी लावला?”

“कधीच नाही. संभाजीनगरात कोण हीटर लावतं?”

श्रीनिवासरावांनी मान वळवली. कपाळाचा घाम शालीनं पुसला, वही काढली आणि पांढऱ्या गाडीचा नंबर टिपला. पुढं लिहिलं: हीटर, एक नग, वापरात नाही.

“हे कशाला साहेब?”

“पुढचं परिपत्रक.”

सिग्नल सुटला. सारजाबाईंनी मागं वळून त्या गाडीकडं जरा कणवेनंच पाहिलं. “त्याच्याकडं कोंबड्या तरी हायत का?”

गाडीचा नंबर इथं देत नाही. वाचून झालं की खाली पार्किंगमध्ये जा आणि आपल्या गाडीची ती लाल बाजू रोज थोडी फिरवत राहा. तपासणीत बटण झिजलेलं दिसलं पाहिजे.