मन्मथअप्पा आणि समोरचा माणूस

गाडीचे एलईडी लाइट नीट करून घ्यायला गेलो, तर मन्मथअप्पांनी मला माझ्या आईचं वजन विचारलं.

त्याआधी मागच्या सीटवर कोण बसतं, हे विचारून झालं होतं. शनिवारी मी आईला आणि बायकोला घेऊन गावाकडं जातो, असं मी सांगितलं होतं. लातूरला शिकणारी मुलगी सुट्टीत आली की तीही असते. अप्पांनी कानामागची पेन्सिल काढली आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिघींची नावं लिहिली. नावांपुढं वजनं हवी होती. बायकोचं मी अंदाजानं सांगितलं.

"अंदाज नगं," अप्पा म्हणाले. "उद्या समद्यायला घिऊनच या."

ते का, हेही त्यांनी समजावून सांगितलं. मागं माणसं बसली की गाडी मागून दबते, नाक वर उचलतं आणि रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिकाम्या गाडीचे लाइट जुळवणं म्हणजे माणूस न बघता सदरा शिवणं. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं म्हणजे, "पहिले समोरचा माणूस, मंग आपण."

समोरच्या माणसाचा विचार मी केलाच नव्हता. मी परभणीचा, नोकरी जिंतूरच्या शाळेत. हिवाळ्यात परत निघेपर्यंत अंधारतं, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून मीच एलईडी बल्ब बसवले. उजेड असा पडला की मला माझंच कौतुक वाटलं. पण समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायला लागला. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर गाडी आडवी घातली आणि हात जोडून विचारलं, की सर, मी तुमचं काय वाईट केलंय? त्यानंच अप्पांचा पत्ता दिला.

जिंतूर रोडला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे. त्याच्या मागं अप्पांचं पत्र्याचं शेड. जिनिंगच्या लांब भिंतीला ते स्वतः चुना लावतात आणि तिच्यावर गेरूच्या रेघा आखतात. साठीचा, काटक माणूस. कपाळावरच्या भस्माच्या तीन रेघाही पट्टी लावून ओढल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही सगळे हजर झालो. मुलीच्या जागी ज्वारीचं पोतं ठेवलं होतं. अप्पांनी ते काट्यावर घातलं आणि पुठ्ठ्यावरचा आकडा बघून त्यातली चार किलो ज्वारी काढायला लावली. मग चारही चाकांची हवा तपासली. भिंतीपासून पंचवीस फूट मोजून गाडी उभी केली. बायकोला सरळ बसायला सांगितलं, आईला खिडकीकडं झुकू नका म्हणाले. आई आयुष्यात कुणाचं ऐकत नाही, पण ती फोटोला बसल्यासारखी ताठ बसली.

मी लाइट लावले. भिंतीवर नुसता पांढरा राडा झाला. अप्पांनी एका दिव्यावर रिकामं पोतं टाकलं, दुसऱ्यातला बल्ब काढला, बोटांनी चाचपला आणि किंचित फिरवून परत बसवला. मी तो तिरका बसवला होता. मग मागचा स्क्रू पाव पाव फिरवायला लागले. आणि भिंतीवरचा तो राडा हळूहळू गोळा व्हायला लागला. कडा आल्या. गेरूच्या रेघेखाली उजेड आणि वर अंधार, जणू सुरीनं कापला. डावीकडं तेवढा तो जरा वर चढत गेलेला, रस्त्याच्या कडेनं चालणारा दिसावा म्हणून. वीस वर्षं गाडी चालवतो, पण उजेडाला असं वळण लावता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता रस्त्यावर बघू," म्हणत अप्पा माझ्या शेजारी बसले.

दोन-तीन किलोमीटरवर एक वळण आहे. वळणावर एकच घर, तोंड रस्त्याकडं. गाडी वळली तसं अप्पांनी थांबवायला सांगितलं, लाइट चालूच ठेवायला लावले. ते उतरून कुंपणापाशी गेले. ओसरीवर बाजेवर एक म्हातारा बसलेला होता.

"लागला का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई," तिकडून आवाज आला.

अप्पा परत येऊन बसले. आईनं विचारलं, कोण ते?

"धाकटा भाऊ. मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, उजेड सहन व्हत न्हाई त्याला. बोलत न्हाई आमी."

"मग आत्ता काय केलंत?"

"ते कामाचं."

बांधावरच्या चिंचेवरून भांडण झालं होतं. चिंच पुढं वादळात पडली, तरी अबोला उभाच राहिला. अप्पा गाडी दुरुस्त झाली की या वळणावर आणतात आणि तेवढाच एक प्रश्न विचारतात. परभणीतल्या किती गाड्यांचा उजेड या एका माणसाच्या डोळ्यांसाठी खाली उतरला असेल, कोण जाणे.

मी गाडी वळवणार, तोच आई दार उघडून उतरली. तहान लागली म्हणाली आणि सरळ ओसरीवर गेली. आम्हालाही जावं लागलं. अप्पा पायरीशी थांबले.

म्हाताऱ्यानं तांब्या आणला. सगळ्यांना पाणी दिलं. एक पेला पायरीच्या कडेला ठेवला आणि आईला म्हणाला, "ह्यांच्या गुडघ्याचं कसं हाय, इचारा."

आईनं अप्पांकडं पाहिलं.

"थंडीत दुखायलाय म्हणावं," अप्पा म्हणाले.

"मी काय टपालवाली हाय का?" आई म्हणाली. "दोघं बी इथंच हाव. तुमचं तुमी बोला."

म्हाताऱ्यानं बाजेवरची वाकळ उचलली, झटकली, परत नीट अंथरली.

"अण्णा," तो थेट अप्पांना म्हणाला, "वर येऊन बसा. च्या ठिवायलाव."

अप्पांनी पायरीवरचा पेला उचलला. सगळं पाणी पिऊन तो परत जागेवर ठेवला. त्यांनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट लावल्या, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"सर, लाइट बंद करून या. येळ लागंल आमाला."