ब्रॅस्वेलची गिरकी

“तू माझी गिरकी एकदा बघच, लाव्हेल. मग ही बाकीची पाच चित्रं तू स्वतःच्या हातानं पुसशील.”

थर्लो ब्रॅस्वेल केशकर्तनालयाच्या खुर्चीत, गळ्याला फडकं बांधलेल्या अवस्थेत हे बोलला. वय एकाहत्तर, उंची पावणेसात फूट. त्याचे केस कापायचे तर लाव्हेल मिंगोला खुर्ची तळाला न्यावी लागे आणि तरीही स्टुलावर चढावं लागे.

समोरच्या भिंतीवर लाव्हेलनं बास्केटबॉलमधले अजरामर फटके रंगवून घेतले होते. डोक्यावरून कमान करत टाकलेला उंच हूक. हवेत मागे रेलत मारलेला फटका. बोटांवरून अलगद घरंगळत गेलेला चेंडू. शिवाय आणखी दोन. कुणाचा कुठला ते खाली लिहिलेलं नव्हतं, कारण डेट्रॉइटच्या त्या भागात पाळण्यातलं पोरही ते ओळखून दाखवी. सहावी चौकट तेवढी कोरी होती आणि तिच्यासाठी गेला महिनाभर दुकानात लोक अर्धी हजामत सोडून भांडत होते.

थर्लोचा त्या चौकटीवर डोळा होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो चार हंगाम व्यावसायिक संघातून खेळला होता. त्यातले साडेतीन हंगाम तो बाकावर बसून होता, हे तो सांगत नसे. उरलेल्या अर्ध्यात त्यानं एक गिरकी शोधली होती: एका खांद्यानं हूल, दुसऱ्या खांद्यानं हूल, पाऊल न उचलता (नाहीतर पंचाची शिट्टी) गर्रकन फिरायचं, मागे झुकायचं आणि एका हातानं चेंडू सोडायचा. मंडळी, गिरकी खरी होती. पण चित्रफीत एकही नाही, बघितलेली माणसं बहुतेक देवाघरी, आणि जगात थर्लोचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच.

“मी तुझ्यावर विश्वास ठेवतो रे,” लाव्हेल कात्री चालवत म्हणाला, “पण रंगारी ठेवत नाही. तो सोमवारी येतोय. मी डोळ्यांनी पाहीन तर त्याला सांगीन.”

“उद्या उपासनेनंतर चर्चच्या तळघरात ये. दाखवतो.”

“गुडघ्यांना विचारलंस?”

“गुडघ्यांना कोण विचारतो? ते फक्त हुकूम पाळतात.”

गुडघ्यांना हे कुणी कळवलं नव्हतं.

रविवारी न्यू बेथाबारा चर्चमध्ये थर्लो नेहमीसारखा कडेच्या जागेवर बसला, पाय मधल्या वाटेत पसरून. मागच्या बाकावर लाव्हेल. समोर उंचावर, गायकवृंदात थर्लोची बायको अर्नेस्टीन.

अर्नेस्टीनचं एक दुःख होतं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत चर्चमधले सगळे कधी ना कधी पवित्र आत्म्यानं भारून उठले, नाचले, रडले. एकदा तर पाणी तपासायला आलेला नगरपालिकेचा माणूससुद्धा नाचला. थर्लो मात्र विजेच्या खांबासारखा ताठ. फार झालं तर मान डोलवी, तीही झोप आली असेल तर. दर रविवारी ती वरून त्याच्याकडे बघे आणि दर रविवारी घरी जाताना गप्प असे.

त्या दिवशी रेव्हरंड लॅशलींनी याकोबाची कथा घेतली होती. रात्रभर देवदूताशी कुस्ती खेळला तो याकोब. रेव्हरंडांचा उपदेश बोलण्यानं सुरू होई आणि गाण्यात जाऊन मिळे. नक्की कुठे मिळाला ते होडीतल्या माणसाला नदीचा मध्य जितका कळतो तितकंच कळे. ऑर्गनवाला त्यांच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट धरून मागोमाग पळत होता. ऐकताना अंगावर काटा येई, आणि ज्याच्या येत नसे त्यानं डॉक्टरला दाखवावं.

“याकोब इकडे झुकला...” रेव्हरंड गायले.

“झुकला, झुकला,” मंडळी.

“देवदूतही इकडेच झुकला...”

“सांगा, पास्टर, सांगा.”

थर्लोच्या डोक्यात मात्र दुपारची गिरकी होती. इकडे, तिकडे, गर्रकन. नकळत त्याचा डावा खांदा जरासा उडाला.

हे एका माणसाच्या नजरेतून सुटलं नाही. मदर विगफॉल. वय ब्याऐंशी, म्हणून सगळ्या चर्चची ‘मदर’, पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, स्वयंसेविकांची प्रमुख. भक्तीच्या भरात कुणी नाचू लागलं तर त्याला पडू न देणं हे तिचं काम, आणि साठ वर्षांत तिनं एकालाही जमिनीला लागू दिलं नव्हतं. खांदा उडाला की पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं. ती हळूच चार बाकं पुढे सरकली.

मागून लाव्हेल कुजबुजला, “आधी डावा की उजवा?”

“डावा.”

“काल उजवा म्हणाला होतास.”

“डावा म्हणालो होतो.”

“विसरलास, म्हाताऱ्या. कबूल कर आणि तळघरात जेवायला चल.”

थर्लोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात रेव्हरंड याकोबाच्या शब्दांनी टिपेला पोचले, “मला आशीर्वाद दिल्याशिवाय तुला सोडणार नाही,” आणि सगळं चर्च उभं राहिलं. टाळ्या, ऑर्गन, डफ. थर्लोला वाटलं, या गर्दीत आपल्याकडे कोण बघतंय? पावणेसात फुटी माणसाला असं वाटावं ही खरी गंमत.

तो मधल्या वाटेत उतरला. डावा खांदा. उजवा खांदा. गर्रकन फिरला. आणि काय सांगावं, गुडघ्यांनी हुकूम पाळला. तो मागे झुकला, हात वर गेला, बोटं सुटली.

आणि मागून कुणीतरी त्याच्या कमरेला विळखा घातला.

“धरलाय मी त्याला,” मदर विगफॉल ओरडली.

“मदर, सोडा.”

“झगडू नकोस, बाळा. आत्म्याला येऊ दे.”

सुटण्यासाठी थर्लो पुन्हा फिरला. मदर विगफॉल सोबत फिरली, तिचे पाय अधांतरी. ऑर्गनवाल्यानं ठेका दुप्पट केला. चार स्वयंसेविकांनी कडं केलं, दोघी पंख्यानं वारा घालू लागल्या. थर्लो जितका निसटू पाही तितकी लोकांची खात्री पटे. शेवटी दम संपला तेव्हा त्यानं वर पाहिलं. अर्नेस्टीन दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती.

रेव्हरंड ध्वनिक्षेपक घेऊन खाली आले. “ब्रदर ब्रॅस्वेल, साक्ष दे. काय झालं तुला?”

मागून लाव्हेल डोळे विस्फारून बघत होता. त्याला दिसली होती, पुरी गिरकी, डाव्या खांद्यासकट. आता थर्लोनं एवढंच म्हणायचं होतं की ही माझी चाल, आणि सोमवारी तो भिंतीवर. एक वाक्य. पण ते वाक्य अर्नेस्टीनच्या ओल्या डोळ्यांवरून चालत जाणार होतं. आणि देवाच्या घरात खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

त्यानं घसा खाकरला. “मी माझ्याच नादात होतो,” तो म्हणाला. “तेवढ्यात मला कुणीतरी धरलं.”

“हालेलुया,” असा गजर झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. उभ्या आयुष्यात त्याच्या नावाचा एवढा पुकारा कुठल्याही मैदानात झाला नव्हता.

तळघरात तळलेल्या माशांच्या टेबलापाशी लाव्हेलनं त्याला गाठलं.

“ती गिरकी होती ना? तोंडानं सांग, रंगवतो.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मग तो आत्मा होता. आत्म्याला मी दाढीच्या फेसाशेजारी रंगवणार नाही. माझी आई थडग्यातून उठून येईल.”

तेवढ्यात अर्नेस्टीन आली. थाळीत माशाचे पाच तुकडे, त्यावर मक्याची पोळी. डॉक्टरनं बंदी घातल्यापासून तिनं त्याला दोनापलीकडे वाढलं नव्हतं. तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

“गिरकी मला आता येत नाही, लाव्हेल,” थर्लो थाळीकडे बघत म्हणाला. “विसरलो. तू म्हणत होतास तेच खरं.”

लाव्हेलनं त्याच्याकडे पाहिलं, अर्नेस्टीनकडे पाहिलं, आणि थाळीतला एक तुकडा उचलून निघून गेला. सहाव्या चौकटीत एका तरण्या पोराचा अर्ध्या मैदानातून मारलेला फटका आला. चांगला रंगवलाय. थर्लो आता केस कापून घेताना डोळे मिटून बसतो.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. चर्चमधल्या पोरांनी ती गिरकी उचलली. आधी दोघांनी, मग सगळ्या तरुण मंडळानं. ईस्टरपर्यंत रेव्हरंड टिपेला पोचले की चाळीस जण मधल्या वाटेत उतरून एकदम खांदे उडवू लागले, फिरू लागले, मागे झुकून हात वर करू लागले. पलीकडच्या दोन चर्चचे लोक ती शिकायला आले. उंच हूक मारणाऱ्याच्या हयातीत त्याच्या फटक्याची एवढी नक्कल कुणी केली नसेल. तिला नावही पडलं.

मदर विगफॉल गिरकी. कारण पकडलं तिनं होतं.

एका बुधवारी सरावाला थर्लो मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत होता. पोरं चुकत होती. अर्नेस्टीन गाण्याचं पुस्तक ठेवून पुढे झाली.

“उजवा नाही, आधी डावा,” ती म्हणाली. “आणि फिरताना पाऊल उचलायचं नाही. पाऊल उचललंस की शिट्टी वाजते.”

“चर्चमध्ये शिट्टी कोण वाजवतं, सिस्टर?” एका पोरीनं विचारलं.

अर्नेस्टीननं मागच्या बाकाकडे वळून बघितलं नाही. पुस्तक उचललं आणि पान शोधू लागली. मान तेवढी लाल झाल्यासारखी थर्लोला वाटली, पण इतक्या लांबून त्याला हल्ली नीट दिसत नाही.