अर्ध्या चालीचं शेपूट

"तीन दिस झालं, नाकानं काय वाजवतोयस?" तानाबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"सर्दी झालीया, आये."

"सर्दी ठेक्यात वाजत न्हाई."

ज्योतीरामनं नाक पुसल्याचं सोंग केलं. ज्योतीराम म्हणजे, खरं सांगायचं तर, मीच. पण स्वतःची फजिती तिऱ्हाइताच्या नावावर घातली की जरा कमी लागते. तर या ज्योतीरामला सर्दीबिर्दी काही नव्हती. 'चाकणच्या बाजारातनं येतो' असं आईला सांगून तो सोमवारी चोरून बैलगाड्यांच्या शर्यती बघायला गेला होता, आणि तिथून सनई-हलगीची एक चाल डोक्यात घेऊन आला होता. आणायची तर पुरी तरी आणावी! चाल वर वर चढायची आणि ऐन टोकावर तुटायची, कारण नेमका तेव्हाच गर्दीनं ओरडा केला होता आणि पुढचं ह्या शहाण्याला ऐकूच आलं नव्हतं. शेपूट सापडेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. जेवताना, मोटेवर, मारुतीच्या आरतीतसुद्धा. शेवटी त्यानं कानांत कापूस घातला. आवाज आत असताना बाहेरून कापूस घालणारा अख्ख्या चिखलीत हा एकटाच.

एरवी हसून सोडलं असतं, पण आज धाकट्या बहिणीला, शालनला, बघायला पाहुणे येणार होते. आधीचं स्थळ 'शर्यतीच्या नादातलं घर' म्हणून मोडलं होतं. नाद ज्योतीरामचा, आणि आठ दिवस रडली शालन. तेव्हा तानाबाईंनी त्याला देवापुढं उभं करून शर्यत सोडायची शपथ घ्यायला लावली. शर्यतीचे बैल औताला लागले. खेडच्या या नव्या पाहुण्यांना निरोप गेला, की मुलीचा भाऊ गरीब आणि बैल त्याहून गरीब.

"मोशीवरनं पाव्हण्यास्नी घिऊन ये," तानाबाई म्हणाल्या, "आन् तोंड मिटून ये. ह्या खेपेला पोरीचं काय हुकलं, तर तुझं तोंड बघायची न्हाई मी."

मोशीला एसटीतून मुलाचे वडील गेनू पाटील उतरले, मागून त्यांची बायको सगुणाबाई. पाटलांचा पटका कडक, चेहरा त्याहून कडक.

"बैल मारकं न्हाईत न्हवं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"छ्या! निस्ती गाय हायत."

"बरं हाय. आमच्यात शर्यतीचं नाव काढत न्हाईत. ह्यांनी धा वर्सामागं सोडलं ते सोडलं."

पाटलांनी खाकरून शेताकडं बघितलं.

निम्मा रस्ता बरा गेला. ज्योतीरामनं दात घट्ट आवळून ठेवले होते. तोंडाचा बंदोबस्त झाला, बोटांचा करायचा राहिला. ती गाडीच्या फळीवर कधी हलगी वाजवायला लागली, हे त्याला कळलंच नाही. बैलांना मात्र लगेच कळलं. एकाचे कान उभे राहिले, दुसऱ्यानं शेपूट वर केलं. बिचाऱ्यांनी काही देवापुढं शपथ घेतली नव्हती.

"अरं, धर! धर त्यास्नी!" सगुणाबाई ओरडल्या.

"कासरा धरलाया, मावशी! त्येच धरंनात!"

पटका उडाला. तानाबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या. पाहुणे त्यांच्यासमोर आले आणि तसेच पुढं गेले. गाडी गावामागच्या शर्यतीच्या चढणीवर, थेट निशाणाजवळ जाऊन थांबली. बैल माना वळवून जिंकल्याच्या गुलालाची वाट बघू लागले.

"जोडी शर्यतीची हाय," पाटील म्हणाले.

ज्योतीराम गाडीवरून खाली उतरला. "व्हय. नाद माझा हाय, पाटील. माझ्यापायी शालनला नगं म्हणू नका. ती पोरगी सोन्यासारखी हाय."

पाटलांनी नुसती गाडी वळवायची खूण केली. घरी आल्यावर पाटील घोंगडीवर बसले, चहा निवला, आतून शालनच्या बांगड्यांचासुद्धा आवाज येईना. ज्योतीरामला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एवढ्यात पाटलांचं बोट गुडघ्यावर वाजायला लागलं. मग नाक. तीच चाल! वर वर चढली, टोकावर आली, आणि न तुटता वळून अलगद खाली उतरली.

"शेपूट!" ज्योतीराम उडालाच. "पाटील, पुढचं ह्येच!"

"मग? तुमी पुरतं ऐकलं न्हाई व्हय? लोक वरडाय लागल्यावर मी पार सनईवाल्याच्या म्होरं जाऊन..." पाटलांनी जीभ चावली.

सगुणाबाईंनी कप खाली ठेवला. "सोमवारी तुमी आळंदीला गेला हुता न्हवं?"

"व्हय की."

"आळंदीत बुक्का लावत्यात. तुमच्या कानामागं गुलाल कसा हुता?"

पाटील जमिनीकडं बघू लागले. ज्योतीराम सोबतीला तिकडंच बघू लागला. सगुणाबाई तानाबाईंकडं वळल्या. "ताई, तुमचं लेकरू आन् आमचं म्हातारं एकाच माळंचं मणी. पोरगी द्या आमाला. निदान माझ्या जोडीला येक शानं माणूस यील. पर लग्नात सनई-हलगी न्हाई, सांगून ठिवते."

तानाबाई पदरानं डोळे पुसत शिरा करायला आत पळाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा ज्योतीरामचं डोकं शांत झालं होतं. आणि मग आतून आवाज आला. पातेल्याच्या काठावर पळी. तोच ठेका. बिचाऱ्या माउलीनं तीन दिवस दुसरं ऐकलंच काय होतं?

ज्योतीराम हसला. मग त्याचं दाराबाहेर लक्ष गेलं. पाटील गाडीत राहिलेली पिशवी घ्यायला वर चढले होते, आणि गडबडीत बैल सोडायचे राहिले होते. एकाचे कान उभे राहिले.