मामाजी बसले बंपरवर

मी आधीच सांगून ठेवतो, आमच्या बाभुळगाव तालुक्यात ट्रॅक्टरची नस ओळखणारा माणूस एकच, अन तो म्हणजे मी, घनश्याम! बाकीचे नुसते स्टेअरिंग फिरवतात. माझ्या बापानं घेतलेला लाल ट्रॅक्टर अजून माझ्या अंगणात उभा आहे. त्याच्या बरोबरीचे ट्रॅक्टर कवाचेच भंगारात गेले, अन त्याच्या बरोबरीची माणसं गुडघे धरून ओट्यावर बसली. आमचा गडी मात्र भर थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू! आवाज तर असा, का रस्त्यात झोपलेली कुत्री न सांगता उठून बाजूले होतात.

त्याच्यात कमी होती ती एकच. जुन्या काळचा असल्यानं त्याले मागं नुसता हूक. ट्रॉली ओढ म्हटलं का ओढते, पण आजकालचा नांगर खाली-वर करायले जी लिफ्ट लागते, ती त्याले नाई. म्हणून घरचा ट्रॅक्टर उभा, अन नांगरणीले मी भाड्याचा बोलवू! यावर माझी बायको विजयमाला दरवर्षी म्हणे, "घरी हत्ती पोसाचा अन पानी भरायले लोकायचं गाढव आनाचं!"

यंदा मात्र तिनं थेट उमरखेडले फोन लावला. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील, म्हणजे माझे मामाजी, मारोतराव, दारात हजर! मामाजी म्हणजे साधं प्रकरण नाई. अंगानं असे भक्कम, का एकदा गमतीनं कापसाच्या काट्यावर चढले तर काटेवाल्यानं हात जोडून खाली उतरवलं. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात दुपट्टा, हातात छत्री. अन मागं पिकअप घेऊन भंगारवाला!

"जवाईबुवा," मामाजी खुर्ची दाबत म्हणाले, "हे डबडं आज देऊन टाकाचं. नवीन घ्या. पोरीनं किती दिवस सोसाचं?"

डबडं! माझ्या बापाच्या ट्रॅक्टरले डबडं! माझं डोकंच फिरलं.

"मामाजी, आज दिवस बुडाच्या आत नाल्याकडचं वावर याच ट्रॅक्टरनं नांगरून दाखोतो. नाई नांगरलं, तर खुशाल न्या!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! विजयमाला चहाचा कप घेऊन उभीच होती. "बाबा, आयकलं ना? नाईतर मंग हे म्हनतीन, का मी असं बोललोच नवतो."

पण मी काही हवेत बोललो नवतो बरं! माझ्याजवळ लखीराम होता. हा बाजूच्या तांड्यावरचा माझा दोस्त. त्याच्या वेल्डिंगले आमच्या भागात तोड नाई. तुटलेल्या बैलबंडीची धुरी म्हणा, पाण्याचा टँकर म्हणा, लखीराम जोडते ते पुन्हा तिथून तुटतच नाई, दुसरीकडून तुटते. माझ्या ट्रॅक्टरसाठी त्यानं भंगारातले दांडे, ट्रॉलीचा जुना जॅक अन कोण जाणे कशाकशाचे पाटे जमवून मागून बसवायची अशी लिफ्ट बनवली होती, का पाहतच राहावं. तीन दांडे, दोन खाली अन एक वर, अन त्याले दोन फाळाचा पलटी नांगर लटकवलेला! दांडा हाणला का नांगर वर, सोडला का खाली. मी तर त्या लिफ्टले हळद-कुंकू वाहिलं.

निघालो. पुढं मी ट्रॅक्टरवर, मागं लखीराम अन त्याचा भाऊ नेमसिंग, त्याच्या मागं मामाजी छत्री उघडून, त्यायच्या संगं विजयमाला, अन सगळ्यात मागं भंगारवाल्याची पिकअप. गाव म्हणे, कोणाची वरात चालली?

वावरात पोचलो. नांगर खाली सोडला, गिअर टाकला, देवाचं नाव घेतलं. ट्रॅक्टर सुसाट! मी मागं वळून पाहतो तर नांगर जमिनीवरून नुसता गुदगुल्या करत येऊन राह्यला. काळी जमीन उन्हानं दगड झालेली, अन फाळ काही आत घुसून नाई राह्यला.

भंगारवाल्यानं पिकअपमधून दोर काढला.

"ठेव तो दोर!" मी ओरडलो. "वजन कमी पडून राह्यलं, दुसरं काही नाई!"

आता तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोललो? वखर लागत नसला का त्याच्यावर धोंडा ठेवतात, नाईतर माणूस बसवतात. आमच्या बापजाद्यायनं हेच केलं. लखीरामलेही पटलं. त्यानं आपल्या भावाले त्यायच्या बोलीत हाक मारली, "नेमसिंग, पाछ बेस!" नेमसिंग कुस्तीतला गडी. तो नांगराच्या पाट्यावर जाऊन बसला, अन काय सांगू! फाळ आत घुसले, हातभर ढेकळं उलटी व्हायले लागली. काळीभोर, ओली माती वर आली. मी मान मागं वळवून असा खुश, असा खुश, का पुढं पाहाचंच विसरलो.

स्टेअरिंग एकदम हलकं लागलं. म्हटलं वा, जुन्या ट्रॅक्टरले पॉवर स्टेअरिंगही बसवलं का लखीरामनं?

तेवढ्यात वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून विजयमाला किंचाळली, "अहो, समोर पाहा!"

"पाहून राह्यलो!"

"काय दिसते?"

"आभाय!"

पुढची दोन्ही चाकं हवेत! मी क्लच दाबला, चाकं धप्पकन खाली आली, माझे दात एकमेकावर आपटले. नेमसिंग मागच्या मागं, नांगरानं पाडलेल्या तासात पसरला. भंगारवाला आला, टायर थापटले, अन म्हणाला, "भाऊ, टायरचे वेगळे देईन."

खोटं कायले बोलू? दिवस डोक्यावर आलता अन नांगराचं एक तासही या टोकापासून त्या टोकापर्यंत धड पुरं झालं नवतं. पण हार मानीन तो घनश्याम कसला! मागं वजन आहे म्हणून पुढून उठते, तर मंग पुढंही वजन द्या! मातीनं भरलेली पोती बंपरवर टाकली. पहिल्याच धक्क्यात घरंगळली. धुऱ्यावरचे धोंडे बांधले. दोर सुटला, धोंडे पडले, त्यातला एक मामाजीच्या चप्पलेजवळ.

"जवाईबुवा," मामाजी ट्रॅक्टरच्या समोर येऊन, छत्री रोखून म्हणाले, "कायले जिवाशी खेळून राह्यले? हे म्हातारं आता—"

"मामाजी, सरका! शेवटचा एकदा!"

मामाजी बाजूले झाले, मी क्लच सोडला. नेमसिंग मागं, फाळ आत, अन चाकं पुन्हा वर!

"उलार झालाऽऽ!" मामाजी गरजले.

ज्यायनं कापसाची बंडी हाकली नाई त्यायच्यासाठी सांगतो. बंडीत मागं भार जास्त झाला का पुढून जू वर उठते, त्याले उलार म्हणतात. तवा एकच उपाय. जवळच्या माणसानं धावत जाऊन पुढं लटकाचं! मामाजीनं सारी जवानी कापसाची बंडी हाकण्यात घालवलेली. डोक्यानं विचार कराच्या आत पाय धावले. छत्री फेकली, धोतराचा सोगा खोचला, अन त्या वयात त्या माणसानं अशी उडी मारली का पोट बंपरवर, पाय हवेत!

चाकं अलगद खाली टेकली. फाळ सरसर चालू झाले.

सासऱ्याले काही झालं तर ट्रॅक्टर जाऊ द्या, बायको मलेच भंगारात देईन! मी थांबवायले गेलो.

"खबरदार थांबवाल तर!" पुढून आवाज आला. "तास सरळ जाऊन राह्यलं! चालू द्या!"

वावराच्या त्या टोकाले पोचल्यावर मी खाली उडी मारली. मामाजी घामानं न्हालेले, धोतर ग्रीसनं काळं, अन चेहरा मात्र नवरदेवासारखा फुललेला! त्यायनं मागं वळून ते लांबच लांब काळं तास पाह्यलं. किती तरी वेळ पाह्यलं.

"विजू, उशी आन!" ते म्हणाले. "अन माझी छत्री!"

मंग काय विचारता! बंपरवर उशी, उशीवर मामाजी, डोक्यावर छत्री. मधी मी, मागं नेमसिंग. आमचा तो काटा असा बरोबर जुळला, का ट्रॅक्टर कुठं डुलला नाई. मामाजी पुढून हुकूम सोडत, "डावीकून घ्या! दगड आहे! शाब्बास!" धुऱ्यावर अर्धं गाव जमलं. दिवस बुडाच्या आत नाल्याकडचं सारं वावर उलटंपालटं!

भंगारवाला अजून आशेनं उभा होता. मामाजी त्याच्यावर धावून गेले, "उभा काहून हाये? हा काय भंगार दिसते का तुले? डोये हायेत का बटनं?"

मले तर डोळ्यात पाणीच आलं. माझ्या बापाच्या ट्रॅक्टरले मामाजीनं हात लावून नमस्कार केला हो! अन या वयात पोट बंपरवर टाकणाऱ्या मामाजीले मी मनातल्या मनात दोन नमस्कार घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखीराम डोकं खाजवत आला. "घनाभाऊ, गलती झाली. वरचा दांडा, ज्याले टॉप लिंक म्हनतात ना, तो मी लय लंबा ठेवला होता. म्हनून फाळ वाकतच नवते."

त्यानं पान्यानं दांडा दोन-तीन फेरे आखडून घेतला. गावाजवळच्या वावरात नांगर सोडला. अन काय सांगता! फाळ आपोआप आत! मागं नेमसिंग नको, मंग पुढून उठायचं कामच नाई. मी एकटा, ट्रॅक्टर एकटा, अन तास सुतासारखं सरळ! मी लखीरामले मिठीच मारली.

आनंदाच्या भरात घरी पळालो. मामाजी आंघोळ करून, कालचीच उशी काखेत घेऊन, छत्रीसकट ओट्यावर तयार बसले होते.

"मामाजी, तुमाले बसाची गरजच नाई! काल उगाच बसले!"

मामाजीनं छत्री खाली ठेवली. चेहरा एवढासा झाला. "म्हंजे काल मी नुसताच?"

विजयमालेनं मले असा चिमटा काढला, का अजून वळ आहे. पण बाण सुटला होता. मामाजी हळूच म्हणाले, "विजू, त्या भंगारवाल्याचा नंबर देजो बरं."

मी त्यायच्या आडवा झालो. "थांबा मामाजी! मी पूर्न पाह्यलं कुटं? चाला, तुमीच तपासा!"

वावरात पोचल्याबरोबर मी डोळा मारला अन लखीरामनं गपचूप टॉप लिंक पुन्हा लंबी केली. नांगर गुदगुल्या करायले लागला. नेमसिंग बसला, चाकं उठली.

"पाह्यलं?" मामाजी गरजले. "लोखंडाले कुटं अक्कल असते! सरका, मले चढू द्या!"

तवापासून आमच्या घरी रोज सकाळी हेच चालते. आमचे दोन्ही वावरं झाले, लखीरामचं झालं, आता गावातले लोक नांगरणी सांगायले येतात, अन मामाजी कोणाले नाई म्हणत नाईत. संध्याकाळी पाटोडीचा रस्सा लागते, आंब्याचा रस लागते, अन रोज नव्यानं त्या उडीची कथा आयकावी लागते. विजयमालाही बापासंगं हसत बसते. तिनं नव्या ट्रॅक्टरचं नाव काढलं नाई.

शेवटी मलेच राहावलं नाई. सासूबाई तिकडं उमरखेडले एकट्या, काळजी करत असतीन, म्हणून प्रभावतीबाईले फोन लावला. "मामी, मामाजीले आता पाठवून देऊ का?"

"कायले घाई करता जवाईबुवा!" तिकून असा प्रसन्न आवाज मी लग्नातही आयकला नवता. "चांगली गाडी हाये म्हनते विजू तुमची. जपा बरं तिले. अजून धा-पंधरा वर्सं चालली पायजे!"