वादळ-दफ्तराची फत्ते, दबक्या आवाजात

गतवर्षी परीक्षा तोंडावर असता महाविद्यालयाचे मुलखावर वादळ चालून आले, आणि त्याने रसायनशाळेचे छप्पर उचलोन टेनिसच्या मैदानी मांडिले, आणि सायकलतळाचे पत्रे पत्त्यांसारखे पिसले, आणि मग आल्या वाटे निघोन गेले. तो वृत्तांत पुढील पिढ्यांस कळावा म्हणोन ग्रंथालयाने ध्वनिमुद्रित साक्षींचे दफ्तर उभारिले, ते कोणत्या शर्थीने, हे जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर थोडेच.

ग्रंथपालबाईंनी दफ्तरासाठी तळमजल्याची रिकामी खोली मागितली. त्याच खोलीवर व्यायाममास्तरांचा डोळा; तेथे टेबल-टेनिसचे मेज घालावे ही त्यांची मसलत. प्राचार्यसाहेबांनी हुकूम फर्माविला जे, महिनाअखेर आम्ही जातीने येऊ, दफ्तर ऐकण्याजोगे असेल तर खोली बाईंची, नसेल तर मास्तरांची. मास्तरांनी त्याच सायंकाळी मेज आणोन दाराबाहेर उभे केले, आणि जातायेता बाईंस "काही घाई नाही हो, सावकाश होऊ द्या," ऐसे म्हणू लागले.

मग बाईंनी साक्षीदार जमविले. परंतु छपराची दुरुस्ती चालू, हातोड्यांचा मारा अखंड, आणि रेकॉर्डरात साक्षीऐवजी ठाणठाण तेवढी दाखल होई. खिडक्या शाबूत म्हणोन ठाणठाण अडेल ऐसी जागा एकच, ती वाचनकक्ष, आणि तेथील अंमल कक्ष सांभाळणाऱ्या जुन्या काकूंचा. बाई विद्यार्थिनी असता मोठ्याने हसल्या म्हणोन काकूंनी त्यांस तेथून हद्दपार केले होते. आता बाई वरिष्ठ जाहल्या, तरी काकू दिसताच त्यांच्या चपलांचा आवाज आपोआप मिटे. काकूंनी कौल दिला जे, साक्षी खुशाल घ्याव्या, हळू बोलण्याचा कायदा मात्र सर्वांस एक.

प्रथम उपाहारगृहाचे मालक बसले, ज्यांची हाक फाटकापलीकडे जाई. त्यांनी "वारा असा आला की" इतुके म्हटले, तो काकूंनी चष्म्यावरून नजर टाकिली, आणि वारा जागीच बसला. मग मालक कुजबुजत बोलिले. रसायनाचे सर त्याहून हळू बोलिले. मग खुद्द व्यायाममास्तर आले. फाटक एकट्याने कैसे धरोन ठेविले, हे ते वर्षभर हातवारे करोन सांगत आले होते. परंतु कुजबुजीत फुशारकी टिकेना, तेव्हा त्यांनी कबूल केले जे, आपण सतरंज्यांच्या ढिगात शिरलो आणि आईस हाका मारिल्या.

सर्व साक्षी जाहल्यावर बाईंनी ध्वनिमुद्रण ऐकिले, तो समस्त दफ्तर हवा सुटलेल्या टायरासारखे फुसफुसते आहे. बाईंचे अवसान गळाले. नव्याने घ्यावे तर मुदत सरली होती.

"काकू, एवढं मोठं वादळ, आणि ऐकायला वाटतंय कुणीतरी चहाडी करतंय."

"वादळ या कक्षात आलं असतं तर त्यालाही हळूच बोलायला लावलं असतं," काकू म्हणाल्या. "तुझ्या लोकांना आत घेतलं, तेवढे उपकार मान."

नेमल्या दिवशी प्राचार्यसाहेबांची स्वारी वाचनकक्षी दाखल जाहली. मास्तर मागे रॅकेट घेऊन हजर. साहेबांनी हेडफोन चढविले, कपाळी आठी घातली, आवाज वाढविला, डोळे मिटिले, आणि मग हुकूम केला जे, छपरावरचे हातोडे बंद. तैसे जाहले. साहेब ऐकत राहिले. मध्येच डोळे उघडोन त्यांनी मास्तरांकडे बहुत मायेने पाहिले, आणि कोणती साक्ष चालू आहे हे मास्तरांस उमगले, आणि त्यांचे कान लाल जाहले.

अखेरपर्यंत ऐकोनही साहेब उठले नाहीत. रेकॉर्डर पुढे ओढोन, सभेत लावितात तो आवाज लावोन म्हणाले, "त्या दिवशी मी, संस्थेचा प्रमुख या नात्याने..."

काकूंनी चष्म्यावरून पाहिले.

साहेबांचा आवाज उतरला. "मी भांडारात होतो. आतून कडी लावून. बाहेर पोरं दार वाजवत होती. मला वाटलं, वारा आहे." मग स्वतःचेच बोलणे खोडिले. "नाही. वारा आहे असं मी ठरवलं. त्यांना उपाहारगृहवाल्यांनी स्वयंपाकघरात घेतलं, म्हणून वाचली."

मास्तरांनी रॅकेट खाली ठेविली.

मग साहेबांनी पुसिले, "हे कोण कोण ऐकणार?"

"जो येईल तो, साहेब," बाई म्हणाल्या.

ती साक्ष पुसोन टाकणे एका बोटाचे काम, आणि बोट कळीनजीक होते. मग बोट मागे आले, आणि हुकूम जाहला जे, खोली दफ्तराची, कायम. साक्षी सर्वांस खुल्या, आमचीही.

येणेप्रमाणे ग्रंथपालबाई बहुत कष्टे फत्ते पावल्या, खोली हस्तगत जाहली, हे दफ्तरी रुजू केले असे. जयघोष मात्र कोणी केला नाही. काकू ड्यूटीवर होत्या.