सात राघूंची एक री

एका जंगलात, बाळांनो, थोरामोठ्यांचा नुसता सुळसुळाट होता. पण लक्षात ठेवणारा एकच होता. राघोअण्णा पोपट. कोणतं बीळ कुणाचं, कोणती ढोली कुणाची, सगळा डेटा अण्णांच्या डोक्यात.

एकदा अण्णांना पडसं झालं. आवाज बसला. जंगलाचा कारभार ठप्प. कुणीही उठावं आणि कुणाच्याही बिळात घुसावं!

नानासाहेब अस्वलांनी ज्येष्ठांची सभा भरवली. तिथे तरुणांना बोलायची बंदी होती आणि म्हाताऱ्यांना ऐकू येत नव्हतं. त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

"सात झाडांवर सात राघू. अण्णा बोलतील तेच बाकीच्यांनी बोलायचं. एक आडवा झाला, तर दुसरा उभा! जंगल आता कध्धी बंद पडणार नाही."

निरोप न्यायला पाकोळी पाखरं नेमली. काय त्यांचा वेग! अण्णांच्या चोचीतून शब्द सुटायचा अवकाश, की झाडाझाडावर री ओढली जाई. अण्णा शिंकले, तर सगळे शिंकत.

एके दिवशी अण्णा तोंडात पेरू धरून बिळांची उजळणी करत होते. 'टेकडीखालचं बीळ साळूचं' असं म्हणायचं होतं. पेरू आडवा आला. निघालं भलतंच, "टेकडीखालचं बीळ काळूचं."

पेरू गिळेपर्यंत झाडं ओरडून मोकळीसुद्धा झाली.

काळू म्हणजे कोल्हा. साळू म्हणजे साळिंदर. तिची दोन पिल्लं त्या बिळात झोपली होती. अंगावरचे काटे अजून मऊ. कोल्ह्याला काय, दोन घासांचं काम.

साळू धावत अण्णांकडे गेली.

"अण्णा, चुकलात! काळू नाही, साळू."

"मी चुकलो? अगं, माझी चूक असती तर एका झाडावर असती. इथे सगळी झाडं तेच बोलतायत. सगळे कसे चुकतील?"

"सगळे तुमचंच ऐकून बोलतात हो!"

"मग बरोबरच बोलत असतील."

साळूने कपाळावर हात मारला. पण लांबच्या उंबरावरचा मिठू अजून "साळूचं, साळूचं" म्हणत होता. त्याची पाकोळी वाटेत किडे खात बसली होती. साळूला हायसं वाटलं. तिने मिठूला तसाच सभेपुढे नेला.

नानासाहेबांनी हिशेब केला. "सहा एकीकडे, हा एकटा दुसरीकडे. मागे पडलाय बिचारा. दुरुस्त करा त्याला."

पाकोळी सुटली. मिठूने एकदा डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "काळूचं." साळूकडे बघायची काही त्याची छाती झाली नाही.

"बघ पोरी," नानासाहेब म्हणाले, "आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत."

"पाहिलेत कसले? गुहेत घोरत काढलेत!"

"बघा, बघा! आजकालची पिढी!" सभा एका सुरात म्हणाली. तेवढं मात्र सगळ्यांना नीट ऐकू आलं होतं.

साळू तडक घरी आली. पिल्लांना आत ढकललं, बिळाच्या तोंडाशी बाहेर पाठ करून बसली आणि काटे फुलवले. फट म्हणून उरली नाही.

काळू शीळ घालत आला. "सरक, बाई. बीळ माझं. वाटेल त्या झाडाला विचार."

"विचारलं की, काळूभाऊ. बीळ तुमचंच. पण करू काय? माझ्या काट्यांपर्यंत निरोप पोचलेला नाही. तिकडे नेटवर्क येत नाही."

काळूने डोकं घुसवलं. मग नाकात काटे घेऊन असा केकाटत सुटला, की पाकोळ्याही मागे पडल्या.

आता साळू बिळात राहते. काळू करवंदीच्या जाळीत राहतो. झाडांना विचाराल, तर अजूनही "काळूचं, काळूचं." आणि कारभार क्षणभरही बंद पडला नाही, म्हणून सभेने अण्णांचा नुकताच सत्कार केला.

तात्पर्य: चूक एकट्याने केली तर फटके बसतात, सातजणांकडून वदवून घेतली तर शाल मिळते. म्हणून मोठ्यांचं नेहमी ऐकावं, बाळांनो. फक्त पाठ त्यांच्याकडे करून.